अंड्यावर कागद चढवताना चुण्या का पडतात

प्रश्न थोडक्यात असा: कोंबडीचं अंडं पोकळ करून त्यावर जपानी पद्धतीने छापील कागद चढवायचा आहे. त्यासाठी गिफ्ट पेपर घेतला, दोन्ही बाजूंनी चिरा देऊन आठ-आठ पट्ट्या केल्या आणि फेव्हिकॉल लावून चिकटवल्या. पोटावर चुण्या पडल्या, दोन्ही टोकांना कागदाची गाठ झाली आणि आठवडाभरात पट्ट्यांच्या कडा उचलल्या. हात बसलेला नाही, की डिंक चुकीचा आहे?

डिंकात सुधारणा करता येईल, तिचं पुढे बघू. पण चुण्यांचा दोष ना हाताचा आहे ना डिंकाचा. तो कापणीचा आहे, आणि थोडा कागदाचा.

सपाट कागद नळकांड्यावर बिनचुणीचा बसतो, कारण नळकांडं एकाच दिशेने वळलेलं असतं. अंडं दोन्ही दिशांनी वळतं. असा पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा चुणी पाडल्याशिवाय सपाट वस्तूने झाकताच येत नाही, हे जर्मन गणिती गाउसने १८२७ मध्ये गणिताने सिद्ध केलं. पृथ्वीगोल बनवणाऱ्यांना ते त्याआधी तीनशे वर्षं हाताने कळलेलं होतं. १५०७ मध्ये वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकाराने गोलावर डकवण्यासाठी जगाचा नकाशा छापला, तो दोन्ही टोकांना निमुळत्या होणाऱ्या १२ फाकांमध्ये. तो गोलही लहानच, जेमतेम १२ सेंटिमीटर व्यासाचा. आठ फाकांत भागलं असतं तर कोरीव कामाचा ताप कमी झाला असता, पण भागत नाही.

का भागत नाही, ते आकड्यांत बघा. साधारण ५५ ते ६० ग्रॅमचं अंडं ५७ मिलिमीटर लांब आणि ४४ मिलिमीटर रुंद धरू. मग कमरेचा घेर १३८ मिलिमीटर आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पृष्ठभागावरून अंतर ८० मिलिमीटर येतं. निमुळत्या पट्टीची कड तिच्या मधल्या रेषेपेक्षा लांब असते, आणि ही जादा लांबी कुठेतरी जिरवावीच लागते. घेराचे आठ भाग केले तर ती टोकापासून टोकापर्यंत सुमारे अडीच मिलिमीटर होते, बारा केले तर दीडच्या आत, सोळा केले तर एकाच्याही आत. ओला मऊ कागद मिलिमीटर-दीड मिलिमीटर मुकाट्याने जिरवतो. अडीच नाही जिरवत.

दुसरी चूक मधल्या अखंड पट्ट्याची. कमरेभोवतीचा हा न कापलेला भाग रुंद ठेवला की नक्षी सलग दिसते, म्हणून बहुतेक जण तो दोन-अडीच सेंटिमीटर ठेवतात. कमरेपासून १० मिलिमीटर वर गेलं की अंड्याचा घेर आठ-नऊ मिलिमीटरने कमी झालेला असतो, कागदाचा मात्र तेवढाच राहतो. म्हणजे दोन सेंटिमीटरच्या पट्ट्याच्या प्रत्येक काठावर जवळजवळ एक सेंटिमीटर फालतू कागद. तुमच्या अंड्याच्या पोटावरच्या चुण्या बहुधा तिथल्याच. पट्टा १० मिलिमीटरचा ठेवला तर काठावरचा जादा कागद दोन मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तोही पूर्ण घेरात वाटला जातो.

तेव्हा बारा पट्ट्या आणि एक सेंटिमीटरचा कंबरपट्टा हे माप पक्कं धरा. बदकाच्या अंड्याला सोळा पट्ट्या घ्या.

आता कागद. जपानमध्ये यासाठी युझेन चियोगामी वापरतात. किमोनोच्या कापडावरच्या नक्ष्या वाशीवर, म्हणजे पारंपरिक जपानी कागदावर, छापलेल्या असतात आणि बऱ्याचदा सोनेरी रेघ असते. तो वजनाने काही फार हलका नसतो. ७० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं वजन ७० ग्रॅम) आसपास, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाइतकाच. तरी तो अंड्यावर बसतो आणि झेरॉक्सचा बसत नाही, याचं कारण धागा. वाशी बनते कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून, आणि तिचे तंतू लाकडाच्या लगद्यातल्या तंतूंच्या कित्येक पट लांब असतात. ओला झाल्यावर असा कागद कापडासारखा ढिला पडतो पण तुटत नाही. लाकडी लगद्याचा कागद ओला झाला की एक तर ताठ राहतो, नाही तर फाटतो.

चियोगामी इथे महाग पडतो आणि सगळीकडे मिळत नाही. त्याला सर्वांत जवळचा पर्याय नेपाळचा लोकता कागद. तोही झुडपाच्या सालीचा आणि लांब धाग्याचा, शिवाय छापील मिळतो. त्यातला पातळ घ्या, २० ते ३० जीएसएमचा. जाड लोकता वह्यांच्या पुठ्ठ्यांसाठी असतो. आपल्याकडचा हातकागद, पुण्याच्या हातकागद संस्थेत बनतो तसा सुती चिंध्यांचा, कागद म्हणून देखणा आणि टिकाऊ असतो, पण आमंत्रणपत्रिकेच्या जाडीचा कागद अंड्याला चालत नाही. पतंगाचा कागद पातळ असतो म्हणून मोह होतो. तो ओला झाला की रंग सोडतो आणि अंगठ्याखाली फाटतो. घोटीव कागदाचा रंग नुसता वर बसवलेला असतो, तो बोटाला येतो. गिफ्ट पेपरला वरून चकचकीत लेप असतो, म्हणून तो पाणी पीत नाही, मऊ पडत नाही, आणि वळवला की सरळ व्हायला बघतो. आठवड्याने कडा उचलल्या त्या यामुळेच. लेप नसलेला, हाताला खरखरीत लागणारा आवरणाचा कागद मिळाला तर तो सरावासाठी चालेल.

कुठलाही कागद घेण्याआधी दोन परीक्षा करा. ओल्या पांढऱ्या फडक्याने छपाई चोळून पाहा. रंग आला तर तो कागद बाद. दुसरी परीक्षा कागदाच्या कलाची, छापखान्यात त्याला ग्रेन म्हणतात. यंत्रावरच्या कागदाचे धागे एका दिशेला लागलेले असतात आणि ओला झाला की कागद त्यांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. दोन इंचांचा तुकडा एका बाजूने ओला केला की तो गुंडाळी होतो. गुंडाळीचा आस ज्या दिशेला, त्या दिशेला धागे. कापताना धागे टोकापासून टोकाकडे जातील असा कागद ठेवा. मग पट्ट्यांची लांबी फारशी वाढत नाही, टोकं जिथल्या तिथे मिळतात, आणि रुंदीतली वाढ जोडावर खपून जाते. हातकागदाला हा कल फार कमी असतो, तिथे नक्षी बघून कापलं तरी चालतं.

अंडं पोकळ करणं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्यातल्या फसणाऱ्या जागाच सांगते. आधी अंडं साबणाने धुवा. मोठं भोक बुडाला पाडा, कारण हवेची पोकळी तिथे असते. तीन-चार मिलिमीटर पुरे. निमुळत्या टोकाला दोन मिलिमीटर. दाभण गोल फिरवत पाडा, ठोकू नका. आत तार घालून बलक फोडला नाही तर तो भोकाशी येऊन अडतो आणि जोर लावला की कवच फुटतं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, म्हणून तोंडाने फुंकू नका. बिनसुईची सिरिंज टोकाकडच्या भोकावर धरून हवा सोडली की सगळं बुडातून बाहेर येतं, आणि ताजं असेल तर त्याची भुर्जी होते. मग त्याच सिरिंजने दोन-तीनदा पाणी आणि एकदा साबणाचं पाणी आत खेळवा.

खरी गोम वाळवण्यात आहे. कवच अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं आणि त्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. आतलं पातळ पापुद्र्यासारखं आवरण ओलं राहिलं तर ओल त्या छिद्रांतून कागदापर्यंत येते, टोकांशी पिवळट डाग पडतात आणि पंधरा दिवसांनी वास सुटतो. मोठं भोक खाली ठेवून ट्रेमध्ये दोन दिवस वाळवा. पावसाळ्यात तेवढ्यावर विसंबू नका. १०० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा. वाळलेलं अंडं हलवलं की आत काही वाजता कामा नये. शेवटी बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवा. बोटांचा तेलकटपणा राहिला की खळ तिथे धरत नाही.

गावठी अंड्याचं तपकिरी कवच पातळ कागदातून दिसतं आणि फिकी नक्षी मळकट वाटते. त्याला पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा एक हात द्या, किंवा सरळ पांढरी अंडी घ्या.

अंडं नकोच असेल तर लाकडाचं उत्तम. सावंतवाडीला लाकडी फळं चरकावर उतरवतात, अंडं उतरवून मागायला हरकत नाही, फक्त रंग-पॉलिशशिवाय, कोरं मागा. प्लॅस्टिकच्या अंड्याला आधी २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून चमक घालवा, नाहीतर पाण्याचा कुठलाही डिंक त्याला धरत नाही. थर्माकोलचं चालतं, पण त्यावर स्प्रेचं व्हार्निश मारू नका. त्यातलं द्रावण थर्माकोल खातं.

चिकटवायला मैद्याची खळ आणि पांढरा डिंक (फेव्हिकॉलसारखा) समसमान. नुसता पांढरा डिंक लागल्या जागी पकडतो, कागद सरकवून नीट बसवायला वेळच देत नाही. नुसती खळ वेळ भरपूर देते, पण झुरळांना आवडते आणि दमट हवेत तिला बुरशी येते. मिश्रणात दोघांचं चांगलं तेवढं मिळतं. १० ग्रॅम मैदा २० मिलिलिटर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, त्यात ४० मिलिलिटर गरम पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत चार-पाच मिनिटं शिजवा. पांढरेपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली की शिजली. मलमलीतून गाळा, पूर्ण गार झाल्यावरच डिंक मिसळा. एवढ्यात पाच-सहा अंडी आरामात होतात. उरलेली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलं हाताळणार असतील तर नको.

कापणीकडे परत येऊ, कारण सगळं त्यावरच आहे. कमरेचा घेर दोऱ्याने मोजा आणि त्यात ४ मिलिमीटर जोडाचे मिळवा. टोकापासून टोकापर्यंतचं अंतरही दोऱ्यानेच घ्या, पट्टी टेकवून नाही. वरच्या मापाच्या अंड्याला १४२ बाय ८० मिलिमीटरचा आयत येतो. पण कंबरपट्टा या आयताच्या बरोबर मध्ये येत नाही. अंड्याचा सर्वांत फुगीर भाग बुडाकडे सरकलेला असतो, त्यामुळे ८० चे साधारण ३७ आणि ४३ असे भाग पडतात. कागदाची अरुंद पट्टी अंड्याभोवती वर-खाली सरकवत जिथे घेर सर्वांत जास्त भरतो तिथे पेन्सिलची खूण करा आणि दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजा. हे न केल्यास एका टोकाला कागद उरतो आणि दुसऱ्या टोकाला कवच उघडं पडतं.

कागदाच्या मागच्या बाजूला कमरेची रेष आखा, तिच्या वर-खाली ५-५ मिलिमीटरवर दोन रेषा, आणि दर ११.५ मिलिमीटरवर उभ्या रेषा. शेवटी उरलेले ४ मिलिमीटर फक्त कंबरपट्ट्यात ठेवा, वर-खालचे कापून टाका. घडी घालून भाग पाडू नका. घडीची रेष पट्टीच्या मधोमध राहते आणि कितीही दाबली तरी दिसते. उभ्या रेषांवर वरून आणि खालून कंबरपट्ट्यापर्यंत चिरा द्या. आता प्रत्येक पट्टी निमुळती करायची आहे, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं, कारण ते सरळ त्रिकोण कापतात. त्रिकोणांच्या मधून पांढरं कवच डोकावतं. कड बाहेरून फुगीर हवी, आंब्याच्या पानाच्या पुढच्या अर्ध्यासारखी. तळाशी ११.५ मिलिमीटर रुंदी असेल तर पाव उंचीवर १०.८, अर्ध्यावर ८.५, पाऊण उंचीवर ५ आणि टोकाला शून्य. बुडाकडच्या पट्ट्या अर्ध्यावर यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त रुंद, निमुळत्या टोकाकडच्या तितक्याच कमी रुंद. यात दोन्ही कडांना मिळून एक मिलिमीटर वाढवा, म्हणजे पट्ट्या किंचित एकमेकींवर चढतील. जाड कागदाचा एक साचा करून ठेवा आणि नखं कापायच्या वाकड्या पात्याच्या कात्रीने कापा. टोकाचे दोन मिलिमीटर उडवून टाका.

टोकाशी गाठ का होते तेही यात आलं. न निमुळत्या केलेल्या बारा पट्ट्या एका बिंदूवर आल्या की दशांश मिलिमीटर जाडीच्या कागदाचाही सव्वा मिलिमीटरचा ढीग होतो. तो दाबून बसत नाही.

चिकटवायच्या आधी अंडं बांबूच्या काडीवर ओवा, काडीला दोन्ही भोकांबाहेर रबरबँड गुंडाळा. हात कवचाला लागत नाहीत आणि अंडं फिरवता येतं. कागद पालथा ठेवून ब्रशने मधून बाहेरच्या दिशेने खळ लावा, पातळ पण सगळीकडे. मग मिनिटभर थांबा. ओला कागद फुगायला एवढा वेळ घेतो. लगेच चढवलात तर तो अंड्यावर फुगतो आणि मघाशी नसलेले फुगे दिसायला लागतात. फार थांबलात तर पट्ट्या एकमेकींना चिकटतात.

कंबरपट्टा पेन्सिलच्या खुणेवर धरून एका फेरीत गुंडाळा, चार मिलिमीटरचा जोड दाबा. जोड नक्षीच्या गडद भागावर आला तर शोधूनही सापडत नाही. मग पट्ट्या ओळीने नाही, समोरासमोरच्या घ्या: पहिली, सातवी, चौथी, दहावी, आणि मग मधल्या. ओळीने गेलात की प्रत्येक पट्टी कागद थोडा थोडा एका बाजूला ओढते आणि बारावीपर्यंत टोक तिरकं होतं. अंगठ्याने कमरेकडून टोकाकडे दाबत न्या, उलट कधीच नाही. अंगठा आणि कागद यांच्यामध्ये ओलसर मलमल असू द्या, छपाई घासली जाणार नाही. कड सगळ्यांची एकाच बाजूने वर यावी. एक बाजू पूर्ण झाली की काडी उलटी करा. आत हवा राहिली तर टाचणीने एक टोचा देऊन दाबा.

टोकांवर त्याच कागदाच्या १४ मिलिमीटर व्यासाच्या चकत्या बसतात. चकतीच्या कडेला तीन-तीन मिलिमीटरच्या सहा चिरा दिल्या की तिला कड उचलायचं कारण राहत नाही. त्यासाठी काडी काढावी लागते, म्हणून पट्ट्या अर्धवट वाळल्या की हे करा. अंडं टांगायचं असेल तर तो दोराही आत्ताच. अर्ध्या काडेपेटीच्या काडीला मधोमध दोरा बांधा, काडी उभी धरून मोठ्या भोकातून आत सोडा आणि दोरा ओढा. काडी आत आडवी होते आणि अडकून बसते. चकतीला मध्ये भोक पाडून ती दोऱ्यातून ओवून खाली आणा.

वाळवणं सावलीत, सहा ते आठ तास. ऊन किंवा हेअर ड्रायर लावला की वरचा थर आधी आकसतो, खाली खळ ओली असते आणि कडा सुटतात. वर्तमानपत्रावर ठेवलंत तर ते चिकटून येईल. बाटलीच्या झाकणावर ठेवा. पंखाही बंद. पोकळ अंड्याचं वजन सहा-सात ग्रॅम असतं, ते उडायला वादळ लागत नाही.

व्हार्निशच्या आधी डिंकात तितकंच पाणी घालून एक हात द्या आणि वाळू द्या. हा हात वगळला तर व्हार्निश कागदात मुरतं आणि जागोजागी तेलाचे डाग पडल्यासारखं दिसतं. मग पाण्यात विरघळणारं व्हार्निश, दोन तासांच्या अंतराने तीन पातळ हात. चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिशही छान चढतं आणि जुनाट पिवळसर झाक देतं, पण सोनेरी शाई त्यात पसरते का हे आधी तुकड्यावर बघा. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ते करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं. तसं झालंच, तर कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा जवळजवळ कोरडा बोळा एकदाच हलक्या हाताने फिरवा, पांढरेपणा बहुतेक वेळा जातो.

मुलांबरोबर करायचं असेल तर हा सगळा खटाटोप बाजूला ठेवा आणि छापील टिश्यू नॅपकिन आणा. त्याचे दोन-तीन पदर असतात. सोलून फक्त वरचा छापील पदर घ्या. कात्रीने कापू नका, हाताने फाडा, साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे. फाटलेली कड विरळ असते, म्हणून जोड दिसत नाही. तुकडा कोरडाच अंड्यावर ठेवून वरून पाणी घातलेल्या डिंकाचा मऊ ब्रश मधून बाहेर फिरवायचा. तुकडे याहून मोठे घेतले की तेच दोन दिशांच्या वळणाचं भांडण परत सुरू होतं. टिश्यू ओला झाला की जवळजवळ पारदर्शक होतो, तेव्हा इथे कवच पांढरं हवंच.

तुमच्याकडे आता असलेल्या अंड्यांपैकी ज्यांच्या फक्त कडा उचलल्यात ती वाचतील. काडीच्या टोकाने कडेखाली खळ-डिंक सारा, वरून प्लॅस्टिकची पट्टी ठेवून कापडी टेपने रात्रभर घट्ट बांधा. पोटावर चुण्या असलेली वाचणार नाहीत. लेप असलेला कागद भिजत नाही, म्हणून आधी त्याला पॉलिश पेपरने ओरखडे काढा, मग कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून सोलून घ्या. पुन्हा दोन दिवस वाळवल्यावर कवच नव्याने वापरता येतं.